वर्तुळ शिकवणारा खुंट्या-चकत्यांचा संच: एका सत्राच्या वापरानंतर

सहावी ते आठवीच्या मुलांना वर्तुळाचे घटक आणि त्यांचे मापन शिकवण्यासाठी तयार केलेला एक लाकडी संच मी गेले सत्रभर वर्गात वापरत आहे. त्यात चोवीस खुंट्यांची गोल पाटी, रबरबँड, निरनिराळ्या व्यासांच्या पाच चकत्या, सोळा पाकळ्यांत कापलेली एक चकती, कंपास, मोजण्याची फीत आणि सरावपुस्तिका एवढे साहित्य मिळते. पाटी आणि पाकळ्या या दोनच वस्तूंसाठीसुद्धा हा संच घ्यावा असे माझे मत आहे. चकत्या आणि पुस्तिका यांच्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे.

पाटीच्या मध्यभागी केंद्राची खुंटी आहे आणि कडेने समान अंतरावर चोवीस खुंट्या आहेत. केंद्रापासून कडेच्या खुंटीपर्यंत रबरबँड ताणला की त्रिज्या मिळते आणि कडेच्या दोन खुंट्यांना जोडला की जीवा. जीवेचे एक टोक जागेवर ठेवून दुसरे एकेक खुंटी पुढे सरकवत नेले की रबरबँड अधिकाधिक ताणला जातो, केंद्रावरून जाताना ताण सर्वांत जास्त असतो आणि तेथून पुढे तो पुन्हा सैल होऊ लागतो. व्यास ही वर्तुळाची सर्वांत मोठी जीवा असते, हे वाक्य मुलांनी यापूर्वी पाठ केलेले होते. ते बोटांना जाणवले ते या पाटीवर.

लगतच्या दोन खुंट्यांमधील कंसाचा केंद्रीय कोन १५ अंशांचा असल्यामुळे कोनमापक न लावताही चार अंतरांचा कोन ६० अंश भरतो हे मुले सहज सांगतात. अशा दोन खुंट्या केंद्राशी जोडल्या की समभुज त्रिकोण तयार होतो, म्हणजे ती जीवा त्रिज्येएवढीच असते. अशा सहा जीवा ओळीने लावल्यावर होणाऱ्या षटकोनाची परिमिती सहा त्रिज्यांइतकी, अर्थात तीन व्यासांइतकी होते, आणि प्रत्येक जीवेपेक्षा तिच्या बाहेरचा कंस मोठा असल्यामुळे परीघ व्यासाच्या तिपटीहून जास्तच असणार हे कोणतेही सूत्र न सांगता स्पष्ट होते. माझ्या वर्गातील एका मुलीने येथे लगेच विचारले, ‘मग नक्की किती जास्त?’ सूत्र फळ्यावर येण्याआधी मुलाला हा प्रश्न पडावा, यासाठीच तर असे साहित्य हवे असते.

चकत्यांनी नेमकी येथेच निराशा केली. लाकूड गुळगुळीत आहे, आकार अचूक आहेत, फीतही चांगली आहे. पण प्रत्येक चकतीच्या मागे तिचा परीघ छापलेला आहे. एका मुलाने १४ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीभोवती फीत काळजीपूर्वक गुंडाळून ४४.२ हे माप वहीत लिहिले, चकती उलटी करून ४४ हा आकडा पाहिला आणि स्वतःचे माप खोडून टाकले. मोजमापात थोडा फरक पडणारच, आणि चार-पाच मापांचे व्यासाशी गुणोत्तर काढून ते सगळीकडे ३.१ च्या आसपास येते हे पाहण्यातच खरे शिक्षण आहे. मी आता सर्व आकड्यांवर कागदी पट्टी चिकटवली आहे.

पुस्तिकेत पाय (π), म्हणजे परीघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर, २२/७ असे सरळ बरोबरीचे चिन्ह देऊन लिहिले आहे, हे मला अधिक खटकते. २२/७ ही किंमत पायपेक्षा किंचित मोठी आहे, आणि ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती घेऊन आर्किमिडीजने ते दाखवले होते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, तोही ‘आसन्न’, म्हणजे जवळपासचा, असा शब्द वापरून. ‘सुमारे’ हा एक शब्द पुस्तिकेत घालणे काहीच कठीण नव्हते. शिवाय वर्तुळपाकळी (दोन त्रिज्या आणि कंस यांमधला भाग) आणि वर्तुळखंड (जीवा आणि कंस यांमधला भाग) एकाच रंगात छापल्यामुळे मुलांचा हमखास गोंधळ होतो. कंपासाचा स्क्रू घट्ट बसतो, त्यामुळे फिरवताना त्रिज्या बदलत नाही, इतके पुरे.

क्षेत्रफळासाठी दिलेल्या सोळा पाकळ्या ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या आहेत. त्या एक सुलट, एक उलट अशा मांडल्या की समांतरभुज चौकोनासारखी आकृती होते, जिचा पाया अर्ध्या परिघाएवढा, सुमारे २२ सेंटिमीटर, आणि उंची त्रिज्येएवढी, ७ सेंटिमीटर असते. म्हणून क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस सेंटिमीटर. पायाची कड मात्र लहरदार राहते आणि तिला पट्टी लावली तर प्रत्येक लाटेच्या दोन्ही अंगांना मिलिमीटरभर फट दिसते. या फटीवर समाधान न झालेल्या दोन मुलांनी त्याच त्रिज्येचे कागदी वर्तुळ बत्तीस पाकळ्यांत कापून आणले. त्याच्या कडेला पट्टी लावल्यावर ती फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी उरली होती.