स्पितीत साडेपाच महिने : संडासासकट पूर्ण हिशेब

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी फ्लश दाबला तर नुसता खट्ट आवाज. टाकी गोठलेली. दुपारी पाइपही तडकला. याच अटॅच्ड खोलीसाठी मी मेपासून दिवसाला 300 रुपये जादा मोजत होतो. 160 दिवसांचे 48,000! एजंट फोनवर म्हणतो, "थंडीत फ्लश चालत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं." मग पैसे घेताना का नाही सांगितलंस बाबा?

हिमाचलमधल्या स्पितीचं मुख्य गाव काझा 3,600 मीटरच्या वर, आमचं गाव त्याहून उंच. विरळ हवा, डोकेदुखी, शिमला-किन्नौरचा रस्ता हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार. लोण्या-मिठाचा चहा तिसऱ्या महिन्यात आवडायला लागतो, एवढंच सांगतो.

पहिली रात्र आमाच्या, म्हणजे घरमालकाच्या म्हाताऱ्या आईच्या, घरी काढली. इथे थोरला मुलगा घर-शेती सांभाळायला लागला की आईबाप मोठं घर, म्हणजे खांगछेन, सोडून लहान खांगछुंगमध्ये राहायला जातात. मला आधी वाटलं, सुनेने म्हातारीला बाहेर काढलं! तर तिच्याकडचा संडास म्हणजे माडीवरच्या जमिनीला एक भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. आमाने बजावलं, पाणी अगदी थोडं, वर दोन फावडी माती. तांब्यावर वाढलेला माणूस मी, दुसऱ्याच दिवशी मुलाकडच्या अटॅच्ड खोलीत पळालो. तेव्हा लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता.

मत बदललं ते पेरणीच्या वेळी. आमाच्या संडासाची खालची खोली उघडली आणि मी आधीच नाक दाबलं. उगाच दाबलं. आत काळपट, भुसभुशीत खत. ते गाढवांवरून बार्ली आणि मटारच्या शेतात गेलं. इथे शेताला पाणी वितळलेल्या बर्फाचं, तेही पाळीने मिळतं. आणि मी दर खेपेला अर्धी बादली खड्ड्यात सोडत होतो. ऑगस्टमध्ये मटार तोडायला गेलो, तेव्हा पुढच्या पिकात आपला काडीचाही वाटा नसणार, हे जरा लागलंच. तरी खोली सोडली नाही. पैसे आगाऊ दिले होते ना.

पाइप फुटल्यावर आमाकडे परतलो. ती काही बोलली नाही, फावडं तेवढं पुढे केलं. पहाटेच्या गारठ्यात तिचा संडास एकदाही बंद पडला नाही. खोलीला दोन स्टार, आमाच्या माडीला पाच. फक्त टॉर्च न्या. रात्री ते भोक दिसत नाही.