टास्मानियन डेव्हिलची संध्याकाळची फेरी: फोटोपेक्षा ऐकायला जा

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर डेव्हिल, म्हणजे पोटाशी पिशवी असलेला काळा मांसाहारी प्राणी, दाखवणारी ठिकाणं बरीच आहेत. आम्ही एका लहानशा अभयारण्यात त्यांना खाणं घालायच्या वेळी गेलो. दिवसा जाऊ नका, ओंडक्याच्या पोकळीत मुटकुळं करून झोपलेलं काहीतरी काळं दिसेल, बस्स.

देखभाल करणाऱ्या मुलीने वॅलबीची (छोट्या कांगारूसारख्या प्राण्याची) तंगडी आत टाकली आणि दोन डेव्हिल त्या तंगडीवर तुटून पडले. कान लालबुंद, जबड्याला जबडा भिडलेला. हाडं फुटल्याचा कडकड आवाज कुंपणाबाहेरही स्पष्ट येतो. लोक मोबाईल उंचावून हसत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "हे असे तोंडाला चावतात ना, त्यातूनच आजार पसरतो." पुढचं सगळं तिने त्या तंगडीकडे बोट दाखवतच सांगितलं. हीच या फेरीची खरी कमाई.

आजार म्हणजे चेहऱ्यावर गाठी आणणारा कर्करोग, तोही संसर्गजन्य. यात विषाणू नाही. कर्करोगाच्या जिवंत पेशीच चाव्यातून दुसऱ्या डेव्हिलच्या अंगात रुजतात आणि त्याच्या प्रतिकारशक्तीला चकवतात. हा ईशान्य टास्मानियात १९९६ साली पहिल्यांदा दिसला. तेव्हापासून कित्येक भागांत डेव्हिलांची संख्या ८० टक्क्यांहून जास्त घटली. २०१४ मध्ये आग्नेय भागात याचा दुसरा, वेगळाच उगम असलेला प्रकार सापडला. गाठी वाढल्या की खाणंच बंद होतं, आणि बहुतेक जनावरं काही महिन्यांत मरतात.

म्हणून निरोगी डेव्हिल वेगळे ठेवून त्यांची पैदास करतात. कुंपणाआडचे हे त्यातलेच. मी टास्मानियाजवळच्या मराया बेटाबद्दल मुद्दाम विचारलं. २०१२ पासून तिथे निरोगी डेव्हिल सोडले, ते छान वाढले, पण त्यांनी खाल्ल्यामुळे बेटावरचे छोटे पेंग्विन मात्र संपले. तिने हे आडपडदा न ठेवता सांगितलं. आमिषातून द्यायच्या लसीबद्दलही "संशोधन चालू आहे" एवढंच म्हणाली, उगाच आशा लावली नाही.

आता तक्रार. गट फार मोठा, मागच्या रांगेला निम्मं ऐकूच येत नाही. शिवाय बाहेरचं दुकान! आत तासभर या जनावराची बदनामी पुसायची आणि बाहेर सुळे विचकणारी खेळणी मांडायची. देणगीची पेटी कुठेतरी कोपऱ्यात, टोप्यांच्या मागे. एक तारा तिथेच कापला. पाचपैकी चार.

पुढच्या रांगेत उभे राहा, जाड स्वेटर न्या. परतताना गाडी हळू चालवा. रस्त्यावर मेलेली जनावरं खायला डेव्हिल येतात आणि गाड्यांखाली सापडतात. आजारातून वाचलेले असे जायला नकोत.