चिऱ्याच्या घरात वाय-फाय: एक भारी राउटर, की दोन साधे?

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडची जुनी चिऱ्याची (जांभ्या दगडाची) घरं लांबट असतात. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि शेवटी परडं. फायबर पुढच्या दारानं येतं, राउटर टीव्हीजवळ बसतो, आणि पोरांच्या अभ्यासाची खोली नेमकी मागं. मधे दीड-दीड फुटाच्या दोन-तीन भिंती. दुकानात विचारलं तर ‘वाय-फाय ६ घ्या’ म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे आधीच्या पिढीचे, वाय-फाय ५ चे दोन साधे राउटर आणि मधे केबल. खर्चात पुष्कळदा फारसा फरक पडत नाही, म्हणून डोकं चालवावं लागतं.

वाय-फाय ६ ची बाजू लंगडी नाही. वाय-फायचं १९९७ चं पहिलं मानक २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेगाचं होतं. १९९९ च्या ‘बी’ पिढीनं ११, २००३ च्या ‘जी’नं ५४ आणि २००९ च्या ‘एन’नं कागदावर ६०० गाठले. मग २०१३ चं ‘एसी’, म्हणजे आजचं वाय-फाय ५, आलं ते फक्त ५ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यासाठी. त्यामुळे खोक्यावर वाय-फाय ५ असलं तरी त्याचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अजून ‘एन’वरच चालतो. २.४ कडं पुन्हा लक्ष दिलं ते वाय-फाय ६ नं, आणि जाड भिंतीपलीकडं जे काही पोचतं ते बहुतेक २.४ च असतं. शिवाय ६ मध्ये एकाच वेळी चॅनेलचे तुकडे करून अनेक फोनांना वाटता येतात. गणपतीत घर भरलं की हे कामाला येतं.

पण भिंतीला पिढीचा आकडा वाचता येत नाही. जांभा सच्छिद्र, जून ते सप्टेंबर पाणी पिऊन बसतो आणि ओली भिंत लहरी जास्त खाते, त्यातही ५ गिगाहर्ट्झ आधी. नव्या पिढीचे मोठे वेग सिग्नल दणकट असला तरच लागू होतात. दोन भिंतींपलीकडं फोन गुपचूप खालच्या वेगावर उतरतो. वाय-फाय ७ चा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तर भिंतीपुढं याहून नाजूक.

माझा कल ज्यामुळे ठरला ती कटकट वेगळीच. मागच्या खोलीत फोनवर सिग्नलच्या दांड्या तीन-चार दिसतात, व्हिडिओही बरा चालतो, पण व्हॉट्सॅपवर फोटो चढत नाही आणि ऑनलाइन तासाला आपला आवाज तुटतो. कारण दांड्या एवढंच सांगतात, की फोनला राउटर किती ऐकू येतो. राउटरला फोन ऐकू येतो की नाही, ते कळत नाही. राउटरचा आवाज परड्यापर्यंत, फोनचा उंबऱ्यापर्यंत. वाय-फायमध्ये जवळजवळ प्रत्येक तुकड्याची पोच फोनला उलट द्यावी लागते. पोच नाही मिळाली की राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. अँटेना वाढवल्यानं राउटरचा कान थोडा सुधारतो, फोनचा घसा नाही. पारख सोपी आहे. मागच्या खोलीत अपलोडचा वेग पाहा. सोप्यात दोन्ही वेग सारखे आणि मागं अपलोड पार आपटलेला असेल, तर हेच दुखणं.

म्हणून दुसरा राउटर मागं, फोनच्या जवळ, आणि त्याच्यापर्यंत केबल. फायबरवाल्यानं दिलेल्या खोक्यात चांगलं वाय-फाय असेल तर नवा राउटर एकच लागतो. घेताना मागचे पोर्ट बघा. खोक्यावर वाय-फायचा वेग १२०० एमबीपीएस छापलेला आणि पोर्ट १०० चे, असा माल भरपूर आहे. केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त पडते, पण वाकवली की तुटते. भोक १० मिमीचं पुरे, मात्र केबल ओवून मगच कनेक्टर लावा. बाहेरच्या भिंतीत भोकाला बाहेरच्या बाजूकडं उतार ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी केबलीवरून घरात येतं. दोन्ही टोकांना क्रम एकच: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट असूनही वेग १०० लाच अडत असेल तर आठातली एखादी तार नीट दाबली गेलेली नाही.

मागच्या राउटरला ‘अॅक्सेस पॉइंट’ मोड (केबलीनं आलेलं नेट नुसतं वाय-फायवर देणारा) असेल तर तो लावा. नसेल तर त्याचा पत्ता पुढच्याच्या मालिकेतला पण वेगळा करा (पुढचा १९२.१६८.१.१ असेल तर मागचा १९२.१६८.१.२), डीएचसीपी (फोनांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅन (बाहेरून नेट येण्याच्या) पोर्टात न घालता लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात घाला. डीएचसीपी चालू राहिलं तर दोघंही पत्ते वाटत सुटतात आणि नेट कधी चालतं, कधी नाही. नाव, पासवर्ड दोन्हीकडं एकच. २.४ वर एकाला चॅनेल १, दुसऱ्याला ११, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ३६ आणि १४९.

याचेही त्रास आहेत. फोन चालत मागं गेला तरी पुढच्या राउटरला चिकटून राहतो. दोघांची पॉवर ‘मध्यम’ केली की बराच सुटतो. लाईट गेली की १२ व्होल्टचे छोटे यूपीएस दोन लागतात. आणि केबल अंगणातून उघड्यावर नेऊ नका. वळवाच्या विजांत पोर्ट जळतात.

केबलीविना मेश, म्हणजे एकमेकांशी वाय-फायवरच बोलणारी खोकी? एकाच रेडिओवर ऐकायचं आणि पुढं सांगायचं, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. दोन खोक्यांच्या मधे चिऱ्याची भिंत आली की त्या निम्म्यातलंही थोडंच उरतं.

बेळगावात टिळकवाडीत नव्या इमारतीत चार-सहा इंची भिंतींचा फ्लॅट असेल, तर मीही एकच वाय-फाय ६ सुचवीन. तिथं चॅनेलची १६० ची रुंदी मात्र जपून निवडा. ती ५२ ते ६४ किंवा १०० ते १२८ या चॅनेलांत शिरते आणि तिथं बरेच राउटर चालू झाल्यावर मिनिटभर रडारची चाहूल घेत ५ गिगाहर्ट्झ गप्प ठेवतात. दिवसातून चारदा लाईट जात असेल तर ८० च बरी.

चिऱ्याच्या घरात मी आधी केबल ओढीन. मागचा राउटर दोन-तीन वर्षांनी वाय-फाय ६ चा आणला तर त्याच केबलीला लावता येतो.