छपरावरचा तंबू घेऊन कालाहारी ते ओकावांगो: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बोत्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनमध्ये, नव्याने नोकरीला आलेली मराठी मंडळी आणि मे महिन्याच्या सुटीत इकडे यायचं ठरवणारे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात: गाडीच्या छपरावर बसवायचा तंबू घ्यावा का? कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही ऋतूंत तो वापरल्यावर माझं उत्तर असं आहे: जरूर घ्या. पण आधी महिना ठरवा, मग जागा, आणि तंबूचा विचार सगळ्यात शेवटी करा. बोत्स्वानात सगळं पाण्यावर चालतं, आणि इथलं पाणी आपल्याकडच्या पावसाळ्यासारखं एकदम सगळीकडे येत नाही.

आधी तंबूबद्दल. आमचा तंबू दोन माणसांचा, जाड कॅनव्हासचा आहे, डबल कॅब पिकअपच्या मागच्या भागावर बसवलेला. शिडी ओढली की उलगडतो, गादी आतच असते. दोघांनी मिळून उघडायला पाच मिनिटं लागतात, मिटायला दुप्पट. कॅनव्हास चांगला निघाला. दुपारी गुदमरत नाही आणि जून-जुलैत कालाहारीत पारा शून्याखाली गेला तरी आत निभावतं. मात्र उबदार स्लीपिंग बॅग आणि कानटोपी हवीच. त्रास होतो तो चेनचा. इथली वाळू पिठासारखी बारीक, ती चेनच्या दातांत बसते. कोरड्या ब्रशने झाडून मेणबत्ती फिरवायची सवय लावून घेतली, तेव्हापासून चेन अडकलेली नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही: गाडी सपाट उभी नसेल तर रात्रभर तुम्ही एका कडेला घसरत राहता. मुक्कामाला उजेड असतानाच पोचायचं, चाकाखालची वाळू थोडी उकरायची किंवा फळी सरकवायची, आणि मगच तंबू उघडायचा. तसंही अंधारात गाडी चालवू नये. डांबरी रस्त्यावर गाढवं आणि गुरं बसलेली असतात, आणि ती दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता पाण्याचं गणित, कारण सगळं नियोजन यावरच उभं आहे. बोत्स्वानात पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. ओकावांगो नदीचा पूर मात्र अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेल्या पावसाचा. ते पाणी कुबांगो आणि कुइतो या नद्यांतून खाली येतं आणि त्रिभुज प्रदेशात पसरतं. जमिनीला उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते इतकं सावकाश सरकतं की खालच्या टोकाच्या माउन गावापर्यंत यायला जून-जुलै उजाडतो. म्हणजे आजूबाजूला पाचोळा झालेला असताना, ऐन कोरड्या ऋतूत, इथे पाणी चढतं. समुद्राला ते मिळतच नाही. बहुतेक उडून जातं, उरलेलं वाळू पिते. २०१४ साली ओकावांगो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं १०००वं स्थळ ठरलं. मला मात्र त्याची थोरवी या उलट्या वेळापत्रकात दिसते. हत्ती, म्हशी, रानकुत्रे असे सगळे पाण्याजवळ एकवटतात ते याचमुळे.

कालाहारीचं नेमकं उलट. सेंट्रल कालाहारी अभयारण्य १९६१ सालचं, क्षेत्रफळ सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर, आपल्या अख्ख्या कोकण विभागाहून कितीतरी मोठं. सान या इथल्या मूळ रहिवाशांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी. त्यांना तिथून हलवण्यात आलं आणि २००६ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या परतण्याच्या हक्काच्या बाजूने निकाल दिला. तिथे जाताना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. प्राणी बघायचे तर पावसानंतर, जानेवारी ते एप्रिल. डिसेप्शन व्हॅलीसारख्या सुकलेल्या प्राचीन नदीपात्रांत कोवळं गवत उगवतं आणि गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक ही हरणं शेकड्यांनी उतरतात. त्यांच्यामागे चित्ते आणि काळ्या आयाळीचे सिंह. पण याच दिवसांत ओकावांगोकडच्या मोरेमी अभयारण्यातल्या वाटा चिखलाने बंद पडतात.

म्हणून एकाच फेरीत वाळवंट आणि पाणथळ दोन्ही ऐन बहरात बघायला मिळणार नाहीत. भारतातून येणाऱ्यांना मी मेचा उत्तरार्ध सुचवते. शाळांना सुटी असते, कालाहारीत गवत पिवळं पडलं तरी प्राणी पूर्ण पांगलेले नसतात, त्रिभुज प्रदेशाच्या वरच्या भागात पाणी आलेलं असतं, आणि थंडी सोसण्यासारखी असते. फक्त हत्तींचे मोठे कळप पाहायचे असतील तर सप्टेंबर. तेव्हा उकाडा आणि धूळ दोन्ही सोसावं लागतं. माकगादिकगादीच्या खारट, उघड्या मैदानांच्या बाजूला वारा सुटला की तंबूचं वरचं आच्छादन रात्रभर फडफडतं आणि झोप लागत नाही. उंचावरच्या तंबूचा हा खरा तोटा.

कालाहारीत तंबूने पुरेपूर साथ दिली. अभयारण्यात ना इंधन मिळतं, ना पिण्याचं पाणी, ना दुकान. वाटेतल्या राकोप्स गावी टाकी भरून घ्यायची, जास्तीचं डिझेल कॅनमध्ये, आणि पाणी माणशी दिवसाला निदान पाच लिटर, वर अडीअडचणीसाठी वेगळं. डांबर संपलं की टायरमधली हवा २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवायची. रेडिएटरसमोर बारीक जाळी लावायची, कारण गवताचं बी आत जाऊन इंजिन तापतं. आणि रोज गाडीखाली वाकून सायलेन्सरजवळ अडकलेलं गवत काढायचं. त्याने गाड्या पेटलेल्या आहेत. हे काम कंटाळवाणं वाटलं तरी एक दिवससुद्धा चुकवू नका.

मोरेमीत गोष्ट वेगळी. बाटावाना लोकांनी १९६३ साली स्वतःच्या जमिनीवर राखलेलं हे अभयारण्य. थर्ड ब्रिज, झाकानाका, साउथ गेट या मुक्कामांना कुंपण नाही. रात्री पाणघोडे चरायला येतात, हत्ती गाडीला वळसा घालून जातात, आणि वर झोपलेलं असण्याचा धीर तेव्हा कळतो. पण पहाटेच्या फेरीला निघायचं म्हणजे आधी तंबू मिटायला हवा, आणि नेमकी तीच दहा मिनिटं सगळ्यात मोलाची असतात. शिवाय मोकोरोतून, म्हणजे बांबूसारख्या लांब काठीने ढकलायच्या होडीतून, बेटावर मुक्कामाला जायचं तर गाडी धक्क्यावरच राहते. म्हणून जमिनीवरचा एक हलका तंबू सोबत ठेवाच.

नकाशावरचे किलोमीटर पाहून दिवस आखू नका, तास मोजा. आतल्या वाळूत ताशी वीस-पंचवीसचा वेग म्हणजे बरा. एका जागी निदान दोन रात्री, मोरेमीत तीन. मुक्कामाच्या बऱ्याचशा जागा वेगवेगळ्या खासगी चालकांकडे आहेत, त्यामुळे आरक्षण एकाच ठिकाणी होत नाही, आणि जुलै-ऑगस्टच्या तारखा फार आधी संपतात.

खाण्याचं सोपं आहे: छोटा कुकर, मुगाची खिचडी, मेतकूट, पोहे. कुकरने गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. उत्तरेकडून दक्षिणेला येताना लाळ्या-खुरकूत रोगाच्या नाक्यांवर कच्चं मांस काढून घेतात, तेव्हा त्याचा साठा करू नका. संत्री तर नकोतच. हत्तींना त्यांचा वास लांबून लागतो.

गुडघे दुखणाऱ्या किंवा रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसासाठी हा तंबू नाही. कुंपण नसलेल्या जागी अंधारात शिडी उतरायची नसते, आणि हा नियम कोणासाठीही सैल करता येत नाही. आई-बाबा सोबत असतील तर कगालागादी उद्यानाच्या दक्षिण आफ्रिकेकडच्या बाजूला जा. २००० साली दोन देशांनी मिळून उभारलेल्या या उद्यानात ट्वी रिव्हिरेन आणि नोसोब हे मुक्काम कुंपणाच्या आत आहेत, पक्क्या खोल्या मिळतात, आणि नोसोबला पाणवठ्याजवळच्या आडोशात बसून ज्येष्ठांनाही तितकेच सिंह दिसू शकतात.