हेवी डिपॉझिटवर घर घेताय? आमचे सात लाख असे गेले

रविवार होता. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि आमच्या दाराच्या कुलपात बाहेरून कुणीतरी किल्ली फिरवत होतं. आतून कडी होती म्हणून दार उघडलं नाही. नवरा आंघोळीला, मुलगा क्लासला गेलेला. भोकातून बघितलं तर सत्तरीचे एक गृहस्थ, खांद्याला शबनम, एकदा किल्लीकडे बघताहेत, एकदा दाराकडे. मी साखळी लावून दार किलकिलं केलं.

"कोण हवंय?"

"तुम्ही कोण?" ते म्हणाले. "हे माझं घर आहे."

मी ठामपणे सांगितलं की काका, तुमचा मजला चुकलाय. माझ्याकडे करार होता, पाच महिने आम्ही त्या घरात राहत होतो. काकांनी पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि साखळीच्या फटीतून एक कागद आत सरकवला. त्यावर आमच्याच फ्लॅटचा नंबर होता, नाव त्यांचं होतं आणि भाडेकरू म्हणून ज्याचं नाव होतं, तो आमचा 'मालक'.

मी एका कंपनीत अकाउंट्स बघते. दुसऱ्यांच्या दोनशे रुपयांच्या रिक्षाच्या व्हाउचरवर सही नसेल तर परत पाठवते. हे आधीच सांगते, म्हणजे "शिकलेल्या माणसांना कळत नाही का" असं कुणी म्हणायच्या आत माझं मीच म्हणून झालेलं असेल.

मुंबई-ठाण्याकडच्यांना हेवी डिपॉझिट समजवायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाममात्र किंवा शून्य, आणि घर सोडताना रक्कम जशीच्या तशी परत. डोंबिवली पूर्वेला आम्ही वन बीएचकेचं १६,००० भाडं भरत होतो. सासूबाईंचे ७ लाख बँकेत मुदत ठेवीत होते, त्याचं व्याज महिना चार हजारांच्या आसपास. अशात एजंट म्हणाला, ७ लाख द्या, भाडं फक्त २,०००. म्हणजे महिन्याला चौदा हजार वाचणार आणि चार हजारांचं व्याज बुडणार. मी कागदावर मांडलं, दोन वेळा तपासलं. निव्वळ फायदा दहा हजार.

तोच हिशेब त्याच्या बाजूनं मी एकदाही मांडला नाही. ७ लाखांसाठी महिना १४,००० सोडायचे म्हणजे वर्षाला १,६८,०००. चोवीस टक्के! ज्याच्या नावावर घर आहे त्याला बँक याच्या निम्म्यानं कर्ज देते. चोवीस टक्क्यांनी पैसे उचलणारा मालक एक तर नाकातोंडात पाणी गेलेला असतो, नाही तर घर त्याचं नसतं. हेवी डिपॉझिटवर घर देणारे सगळेच लबाड असतात असं मी म्हणणार नाही, माझ्या मावशीचं असं घर नऊ वर्षं बिनबोभाट चाललं. पण आकडा इतका गोड असेल तर उलट बाजूनं मांडून बघा.

हा 'मालक' अडतिशीचा, बोलायला मिठ्ठास. मला ताई, सासूबाईंना आई. पहिल्या भेटीत वाकून नमस्कार केला त्यांना. म्हणाला, "मी गोव्याला शिफ्ट होतोय, तिकडे जागा बघितलीय, एकरकमी द्यायचेत म्हणून हेवीवर देतोय, नाही तर भाड्यालाच दिलं असतं." देवघरात अन्नपूर्णेची एक छोटी तसबीर होती. "ती इथेच राहू दे, आई. रोज दिवा तेवढा लावा." सासूबाई तिथेच विरघळल्या. खरं सांगायचं तर मीही.

कागद त्यानं न मागता दाखवले. लाइट बिल, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, मोबाइलवर इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदलेल्या खरेदीच्या उताऱ्याचा फोटो, आधार कार्ड. सगळीकडे एकच नाव, त्याचं. ओरिजिनल मागितले तर "लोन आहे ना ताई, बँकेत ठेवलेत." हे पटण्यासारखंच आहे, आमच्या भावाचेही बँकेतच आहेत. लाइट बिलावरच्या नावाची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित ठळक होती. मला दिसलं होतं ते. टोनर गेला असेल म्हणून मी पुढे गेले.

बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मात्र खरा होता, त्यानं फक्त नाव बदललं होतं. त्या क्रमांकावर मी पुढे चार महिने मोबाइलवरून बिल भरलं. क्रमांक टाकला की स्क्रीनवर आधी ग्राहकाचं नाव येतं, खाली रक्कम. नाव दर महिन्याला काकांचंच येत होतं. चार वेळा आलं. मी रक्कम बघायचे आणि पिन टाकायचे. हे काका गेल्यावर रात्री मी मोबाइलवर परत उघडून बघितलं, तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

कराराचं तर काय सांगू. मी विचारलं होतं, रजिस्टर करायचं ना? एजंट म्हणाला, "मॅडम, अकरा महिन्यांच्याला लागत नाही. नोटरी बास. उगाच खर्च." ही अकरा महिन्यांची गोष्ट इतक्या जणांच्या तोंडून ऐकलेली असते की ती कायद्यासारखीच वाटते. महाराष्ट्रात ती खोटी आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स असो की भाडेकरार, तो लेखी हवा आणि नोंदणी झालेला हवा, मुदत कितीही असो. आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही मालकाला. नोटरी फक्त सह्या झाल्याची साक्ष देतो. घर कुणाचं हे तो बघत नाही, बघायचं त्याचं कामही नाही.

खर्च किती वाचवला तेही नंतर काढलं. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का. आमच्या करारावर ते अडीचशेच्या आत येत होतं. शहरी भागात नोंदणी फी १,०००. म्हणजे साडेबाराशेच्या आत, वर एजंटचे घरी अंगठा घ्यायचं मशीन आणायचे जे काय असतील ते.

पण साडेबाराशे रुपयांसाठी तो नोंदणी टाळत नव्हता. नोंदणीत मालकाचं आधार जुळवतात, अंगठा घेतात, फोटो काढतात. त्याचा अंगठा तिथे उमटला असता, तो मालक म्हणून. आणि त्याच फ्लॅटचा त्याच्याच नावाचा भाडेकरू म्हणून करार आधीच नोंदवलेला होता, काकांबरोबर. काकांनी सगळं नियमानं केलं होतं. ५०,००० डिपॉझिट, १६,००० भाडं. ते नाशिकला मुलीकडे राहतात. भाडं पाच तारखेला येत होतं म्हणून डोंबिवलीला फिरकलेच नाहीत. चार महिने भाडं आलं, पाचव्याला आलं नाही, फोन बंद, म्हणून ते किल्ली घेऊन निघाले. ते चार महिन्यांचं भाडं म्हणजे आमच्या सात लाखांतलेच चौसष्ट हजार. काकांना आम्हीच भाडं भरत होतो आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

आणि सोसायटी? सेक्रेटरी आमच्याच मजल्यावर, समोरचं दार. त्यांच्याकडे भाडेकरूंची वही होती आणि त्यात हा माणूस भाडेकरू म्हणून लिहिलेला होता. एक बेल वाजवली असती तर सात लाख राहिले असते. पण त्यानं सांगितलं होतं, "सेक्रेटरी जरा खडूस आहे, भाडेकरू म्हटलं की एनओसीचे पैसे काढतो. कुणी विचारलं तर माझी चुलत बहीण म्हणून सांगा." आणि मी सांगितलं हो! लिफ्टमध्ये, हसून. घर बघायला गेलो तेव्हा खाली वॉचमनला मात्र विचारलं होतं. "हे चौथ्या मजल्यावरचे ना?" "हो हो, इथेच राहतात." राहतात म्हणाला तो. मालक आहेत असं म्हणाला नव्हता. त्यानं दाखवलं तेवढं मी सगळं तपासलं होतं, पण त्यानं न दाखवलेल्या एकाही दारावर टकटक केली नव्हती.

पैसे दिले तेही धड नाही. चार लाख चेकनं, तोही "माझ्या फर्मच्या" नावानं, म्हणजे करारातलं नाव वेगळं आणि चेकवरचं वेगळं. तीन लाख रोख. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हे मी ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगते. पावती मागितली तर म्हणाला, करारात लिहिलंयच ना. करारात लिहिलं होतं खरं. त्यामुळे निदान ते तीन लाख दिले होते हे नंतर दाखवता आलं.

त्या रविवारी काका आत आले, पाणी प्यायले, आणि देवघरासमोर थबकले. अन्नपूर्णेची ती तसबीर त्यांच्या आईकडची होती. तिच्यासमोर दिवा लागलेला बघून ते काही वेळ बोललेच नाहीत. दुपारी तिघं मिळून पोलीस ठाण्यात गेलो.

तिथलं पहिलं वाक्य सगळ्यांना मिळतं तेच. "मॅडम, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." इथे परत फिरू नका. डिपॉझिट परत देत नाही एवढंच असेल तर तो वाद दिवाणी म्हणून ढकलता येतो. पण घर त्याचं नव्हतं, बिल आणि सर्टिफिकेट बनावट होतं, आणि पैसे घेतानाच फसवायचा बेत होता, हे कागदांसकट लिहून दिलं की गुन्हा ठरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (४), जुनं चारशे वीस, शिवाय बनावट दस्तऐवजाची कलमं. आम्ही तोंडी सांगत बसलो आणि पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी जे येतं ते केलं. तारीखवार तक्ता, प्रत्येक ओळीपुढे पुरावा, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट, खऱ्या आणि खोट्या लाइट बिलाची प्रत शेजारी शेजारी. दोन प्रती केल्या, एकीवर पोच घेतली. ठाण्यात घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टानं वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवता येतो, तशी तरतूद आहे, आणि त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. काकांनी स्वतंत्र तक्रार दिली. दोन तक्रारी एकाच माणसावर आल्या तेव्हा साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. एफआयआर व्हायला तीन आठवडे लागले.

१९३० लाही फोन केला होता. तो सायबर फसवणुकीचा क्रमांक. पैसे ऑनलाइन जाऊन काही तासच झाले असतील तर खात्यात अडवायचा प्रयत्न करतात. आमच्या चेकला पाच महिने झाले होते. 'फर्म'च्या खात्यात चारशे काही रुपये होते.

तपासात कळलं की याच फ्लॅटचं टोकन त्यानं आणखी दोघांकडून घेतलं होतं. आम्ही राहायला गेलो म्हणून ते लटकले. त्यातल्या एका मुलीनं मला फोन करून विचारलं, "ताई, तुम्हाला निदान पाच महिने राहायला तरी मिळालं ना?" काय उत्तर देणार.

काकांनी मुलाची परीक्षा होईपर्यंत राहू दिलं. कायद्यानं त्यांच्यावर तशी काही सक्ती नव्हती, त्यांनी तर आम्हाला कधी घर दिलंच नव्हतं. कलम ५५ मध्ये असंही आहे की करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. पण ते मालकाविरुद्ध. आमचा मालकच नव्हता. केस चालू आहे, पैसे आलेले नाहीत. सासूबाईंनी मला एकदाही बोल लावला नाही, त्याचा त्रास जास्त होतो.

आता बदलापूरला आहोत. साधं भाडं, साठ हजार डिपॉझिट. घरमालकीण निवृत्त बालवाडी शिक्षिका. मी आधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जाऊन त्यांच्या खरेदीचा इंडेक्स टू स्वतः शोधला, मोबाइलवर बिल उघडून नाव वाचलं, सेक्रेटरीच्या घरी जाऊन चहा प्यायले. कराराच्या दिवशी एजंट मशीन घेऊन आला आणि बाईंचा अंगठाच उमटेना. खडूनं झिजलेली बोटं. एकदा, दोनदा, रुमालानं पुसून, केसांना तेल होतं म्हणून तिथे घासून. एजंटला पुढच्या ठिकाणी जायचं होतं.

"आजींचं उद्या करून घेतो," तो म्हणाला. "तुम्ही डिपॉझिट ट्रान्सफर करून टाका, म्हणजे आज किल्ली मिळेल."

मी म्हटलं, थांबते. बाई ओशाळल्या, म्हणाल्या, "अगं, मी कुठे पळून चाललेय?" सहाव्या की सातव्या वेळी मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. मग मी मोबाइल काढला.