आठवणींवर कादंबरी लिहिताय? ‘आम्ही वाचक मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

हे मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणींवर कथा-कादंबरी लिहिणारे जे लोक आहेत ना, त्यांनाच लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणारी ही मंडळी बरोबर हेरतात. माझ्याशी जे बोलणं झालं तेच, जवळपास त्याच शब्दांत, माझ्या ओळखीच्या आणखी काही लिहिणाऱ्यांशी झालंय. म्हणजे हा त्यांचा ठरलेला धंदा आहे.

सुरुवात कौतुकाने होते. मी कादंबरीची पहिली काही पानं ऑनलाईन टाकली होती, त्यावरून मेल आला की तुमचं लेखन काळजाला भिडलं, तुम्ही जे सोसलंय ते जगापर्यंत पोचायलाच हवं. फोनवरची बाई इतकं आपुलकीने बोलली की घरातलं कुणी बोलतंय असं वाटावं. आता तो मेल परत वाचला की लक्षात येतं, त्यात एकाही पात्राचं नाव नाही, एकाही प्रसंगाचा उल्लेख नाही, तो कुणालाही पाठवता येईल असा मेल आहे. तुम्हाला असा मेल आला तर एवढंच विचारा, अमुक प्रसंग मी पुढे घ्यावा की मागे ठेवावा, तुम्हाला काय वाटतं? ज्याने वाचलंय तो वाद घालेल, ज्याने नाही वाचलं तो ‘सगळंच अप्रतिम आहे’ म्हणेल आणि लगेच पॅकेजवर येईल.

पॅकेजमध्ये पहिलं होतं एडिटिंग. कादंबरीत एक जागा आहे जी माझ्या मावशीवरून आलीय. काका घर सोडून गेले तेव्हापासून मावशी रिकाम्या खोलीत रेडिओ चालू ठेवायची, बाहेरून जाणाऱ्याला वाटावं की घरात कुणीतरी बोलतंय. मी मावशीला कादंबरीत थोरली बहीण केलं, नवऱ्याच्या जागी मुलगा आणला, घर बदललं, काळ बदलला, पण रेडिओ तसाच ठेवला कारण सगळी गोष्टच त्या रेडिओत होती. एडिट होऊन आलं त्यात त्या प्रसंगाखाली एक नवीन वाक्य होतं, ‘तिच्या मनातील एकाकीपणाचे हे जणू प्रतीकच होते.’ आणि सगळे संवाद पुस्तकी करून टाकलेले, कादंबरीतली आत्या सुद्धा ‘मी तुझी प्रतीक्षा करीत होते’ म्हणतेय! कुठे प्रश्न नाही, समासात एक शेरा नाही. खरा संपादक प्रश्न विचारतो हो, हा माणूस इथे गप्प का, हे आधी कळायला हवं का, असं. इथे फाईल कुठल्या तरी सॉफ्टवेअरमधून काढल्यासारखी होती आणि पैसे पूर्ण संपादनाचे घेतलेले.

मग आली भीती, आणि आठवणींवर लिहिणाऱ्यांनी हे नीट वाचा. बोलता बोलता त्यांनी विचारलं होतं, यातली माणसं खरी आहेत का. मी सांगितलं, काही आहेत. लगेच दुसरा माणूस फोनवर, स्वतःला लीगल टीमचा म्हणवणारा, की नातेवाईक मानहानीचा दावा ठोकू शकतात, आमचं लीगल क्लिअरन्स सर्टिफिकेट घ्या नाहीतर छापता येणार नाही. त्याचे वेगळे पैसे. सर्टिफिकेट म्हणून जे आलं ते एक पान, वर शिक्का, खाली ‘सर्व पात्रे व घटना काल्पनिक आहेत’. या एका ओळीने संरक्षण मिळत नाही. 1932 साली आलेल्या एका हॉलीवूडपटाबद्दल रशियाच्या राजघराण्यातल्या राजकन्या इरिना युसुपोव्ह यांनी इंग्लंडमध्ये दावा लावला होता, सिनेमात नाव बदललेलं होतं तरी पात्र आपल्यावरूनच घेतलंय हे त्यांनी पटवून दिलं आणि 1934 मध्ये त्या जिंकल्या. म्हणजे मुद्दा नावाचा नाहीच, ओळखीच्या माणसांना ते पात्र ओळखू येतं का हा आहे. त्यासाठी खुणा बदलाव्या लागतात, दोन माणसांचं एक पात्र करावं लागतं, आणि जिवंत माणसाबद्दल काही गंभीर लिहिलं असेल तर सगळं हस्तलिखित वाचून कुठल्या वाक्याला धोका आहे ते दाखवणारा वकील लागतो. पान न वाचता दिलेलं सर्टिफिकेट रद्दी आहे.

करारात खरी मेख होती. पहिल्याच पानावर ठळक, ‘कॉपीराईट लेखकाकडेच राहील’. फोनवरही तेच, हक्क तुमचेच. आणि मागच्या परिशिष्टात बारीक अक्षरात, सर्व भाषांत, सर्व स्वरूपांत, कॉपीराईटची मुदत असेपर्यंत प्रकाशनाचे अनन्य अधिकार कंपनीला. म्हणजे मालकी माझी आणि वापर फक्त त्यांचा! कॉपीराईट ते देतच नसतात मुळात, 1886 चा बर्न करार म्हणजे कॉपीराईटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, तो मानणाऱ्या देशांमध्ये कॉपीराईट लिहिणाऱ्याकडे आपोआप असतो, त्याला नोंदणीची अट नसते. म्हणून करारात मुदत किती, कुठल्या स्वरूपासाठी, आणि पुस्तक विकलं जात नसेल तर हक्क परत कसे मिळणार, या तीन जागा आधी शोधा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला नंबर, त्यावरूनही असंच घाबरवतात. मी बाहेर पडायचं म्हटल्यावर उत्तर आलं की नंबर आमचा आहे, पुस्तक दुसरीकडे काढता येणार नाही. आयएसबीएन हा फक्त ओळख क्रमांक आहे, 2007 पासून 13 अंकी, त्यातले काही अंक प्रकाशक कोण ते सांगतात. हक्काचा त्याच्याशी काही संबंध नाही, हक्क परत आले की नवीन आवृत्तीला नवीन नंबर घ्यायचा, संपलं.

आणि ज्यासाठी सगळं केलं ते वाचक? मला ‘बेस्टसेलर’ लिहिलेला एक स्क्रीनशॉट पाठवला. ऑनलाईन दुकानात क्रमवारी विषयवार असते आणि सारखी बदलत असते, पुस्तक एखाद्या अगदी छोट्या विषयात टाकलं की मोजक्या प्रती विकल्या तरी काही वेळ वर दिसतं. माझी कौटुंबिक कादंबरी भलत्याच विषयात टाकली होती. रिव्ह्यू आले तेही विकतचे, एकात लिहिलंय की लेखकाने यशाचे मंत्र सोप्या भाषेत सांगितलेत. ते वाचताना मला फार लागलं कारण माझ्या मावशीचं आयुष्य होतं त्यात, आणि रिव्ह्यू लिहिणाऱ्याने ते उघडूनही बघितलं नव्हतं. वर असे विकतचे रिव्ह्यू सापडले की दुकान ते काढून टाकतं आणि त्रास लेखकाच्या खात्याला होतो. आता कुणी ‘इतके वाचक गॅरंटी’ म्हणालं की मी एकच विचारते, तुमची कमाई वाचकाकडून होते की माझ्याकडून? लेखकाकडूनच सगळे पैसे वसूल झाले असतील तर पुस्तक विकायची त्यांना गरजच उरत नाही, त्यांचं गिऱ्हाईक आपण असतो.

हक्क परत मिळाले मला, पण लेखी मागणी, प्रत्येक पेमेंटची पावती, कॉलनंतर ‘आत्ता बोलताना तुम्ही असं म्हणालात’ म्हणून केलेले मेल, असं सगळं समोर ठेवल्यावर. पैसे नाही मिळाले. फोनवर काहीही कबूल करतात म्हणून प्रत्येक गोष्ट मेलवर घ्या, आणि कामाची मूळ फाईल, कव्हरची फाईल सुरुवातीलाच मागून ठेवा, नंतर देत नाहीत. मेल, करार, जाहिरात सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा कारण वेबसाईटवरचा मजकूर नंतर बदलतो.

अजून एक. एकदा फसलात की तुमचं नाव यादीत जातं. मला नंतर एका ‘रिकव्हरी एजंट’चा फोन आला, अडकलेले पैसे काढून देतो म्हणाला, फी आधी. मग कुणीतरी सिनेमावाला, हक्क विकत घेतो म्हणाला पण आधी पटकथा आमच्याकडून लिहून घ्या. दोघांनाही माझ्या आधीच्या पॅकेजचं नाव माहीत होतं, जे मी कुठेच जाहीर लिहिलं नव्हतं. त्यामुळे असा फोन आला तर आपली माहिती यांच्याकडे कुठून गेली हे आधी विचारा आणि आगाऊ फीचं नाव निघालं की नंबर ब्लॉक करा.