नॉर्टन कमांडो ८५० रोडस्टर, १९७३ मॉडेल: वर्षभर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, मग फाटे फोडतो. रोज ऑफिसला जायला गाडी हवी असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. रविवारी सकाळी दोन-तीन तास मोकळा रस्ता आणि संध्याकाळी तासभर हात काळे, एवढ्याची तयारी असेल तर जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींमध्ये कमांडोइतकी मनसोक्त पळवता येणारी दुसरी मला तरी सापडली नाही. ट्रायम्फ बॉनव्हिल दिसायला हिच्यापेक्षा देखणी, हे मान्य. पण ताशी साठ-पासष्ट मैलांनी तासभर चालवून उतरल्यावर हाताला मुंग्या येत नाहीत, त्या हिच्यावर.

मी इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला राहतो. हिचं इंजिन याच गावात, मार्स्टन रोडवरच्या व्हिलिअर्सच्या कारखान्यात तयार व्हायचं आणि गाडीची जुळणी दक्षिणेला अँडोव्हरला व्हायची. साडेसात हजार पौंड मोजले. चाळीस वर्षं उलटलेली गाडी असल्यामुळे रोड टॅक्स माफ, वार्षिक तपासणीची सक्ती नाही. पेट्रोल लिटरला सोळा-सतरा किलोमीटर. रोडस्टरची टाकी जेमतेम अकरा लिटरची, त्यामुळे लांब जाताना पंप कुठे आहे यावर एक डोळा ठेवावाच लागतो.

आता त्या मुंग्यांबद्दल. हे इंजिन मुळात डिझायनर बर्ट हॉपवूड यांचं, नॉर्टनच्याच १९४९च्या मॉडेल ७ मधलं, ४९७ सीसीचं. पुढे तेच वाढवत वाढवत ६००, ६५०, ७५० करत नेलं आणि १९७३ला ८२८ सीसीपर्यंत ताणलं. दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. सीसी वाढली की हादरे वाढणारच. १९६२ला आलेली ७५०ची ॲटलस त्यासाठीच बदनाम होती. नवीन इंजिन करायला पैसा नव्हता आणि वेळही नव्हता. तेव्हा रोल्स-रॉइसमधून आलेले डॉ. स्टीफन बाउअर, बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग यांनी भलतंच डोकं चालवलं: इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म असं सगळं एकाच पाळण्यात बसवलं आणि तो पाळणा चेसिसला रबरावर टांगला. आयसोलॅस्टिक म्हणतात ते हेच. १९६७च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली आणि १९६८पासून सलग पाच वर्षं ‘मोटरसायकल न्यूज’च्या वाचकांनी तिला वर्षाची सर्वोत्तम गाडी ठरवलं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? गाडी स्टँडवर, इंजिन आयडलिंगला. इंजिन चेसिसमध्ये चक्क उड्या मारत असतं, पुढचं मडगार्ड थरथरतं, आरशात मागचं घर म्हणजे नुसता रंगाचा फराटा. नवखा माणूस म्हणेल, काहीतरी तुटलंय. ॲक्सिलरेटर पिळत अडीच-तीन हजार आरपीएमपर्यंत गेलात की आरसा स्वच्छ होतो, इतका की मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. तिथून पुढे ती जी ओढते, ती ओढ मला आजच्या कुठल्याही गाडीत मिळालेली नाही. चौथ्या गिअरमध्ये पन्नास मैलांवर असताना नुसता मनगटाला पीळ द्यायचा, गिअर पाडायची गरजच नाही. वेल्सकडे जाणाऱ्या ए-५ रस्त्यावर हे सुख पोटभर मिळतं.

पण त्या रबराची निगा राखावी लागते. माउंटच्या बाजूला सांधेफट असते ती दहा थाउ, म्हणजे पाव मिलिमीटर, आणि ती जमवायची पातळ वायसर घालून. फट कमी झाली की हादरे थेट अंगात येतात, जास्त झाली की वळणावर मागचं चाक स्वतःचं डोकं चालवायला लागतं. माझ्या गाडीची फट आधीच्या कुणीतरी पार आवळून टाकली होती, त्यामुळे पहिले दोन महिने मी या गाडीच्या कीर्तीवर शंका घेत होतो. १९७५च्या मार्क ३ मध्ये वायसरऐवजी फिरवून जमवायचे ॲडजस्टर आले. ते जुन्या गाडीलाही बसतात. बसवून घ्या, पैसे वसूल होतात.

स्टार्ट करणं हा एक विधी आहे. पेट्रोलचे दोन कॉक उघडायचे, दोन्ही अमाल कार्बोरेटरच्या टिकलरवर, म्हणजे कार्बोरेटर पेट्रोलने भरणाऱ्या बटणावर, बोट दाबून धरायचं, बोट ओलं झालं की सोडायचं. हातमोज्यांना कायमचा पेट्रोलचा वास, त्यावरून घरात बोलणी खावी लागतात. मग किक हळूच कॉम्प्रेशनपर्यंत आणायची आणि पूर्ण वजन टाकून एकच, खालपर्यंत. अर्धवट मारलीत तर ती पायाला उलट किक मारते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यापासून पहिल्या-दुसऱ्या किकला फायरिंग पकडते.

गिअर उजव्या पायात, पहिला वर, बाकी तीन खाली, आणि ब्रेक डाव्या पायात. इथली तरुण पोरं गोंधळतात. पुण्याहून आलेले माझे सासरे, ज्यांची अख्खी हयात जुन्या बुलेटवर गेली, ते मात्र एका मोकळ्या मैदानात बसले आणि पहिल्याच फेरीत चारही गिअर न अडखळता टाकून आले. उतरून म्हणाले, “गिअर आपलेच आहेत हो जावईबापू, पिकअप तेवढा परका आहे.”

ऑइलबद्दल सगळे विचारतात. गळते का? जुन्या सीलमधून थोडं झिरपायचं, नवीन सील टाकल्यावर थांबलं. खरी भानगड वेगळीच आहे आणि ती त्या काळातल्या अनेक ड्राय-संप, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या, इंजिनांना आहे: गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसते, माणूस घाबरून वरून ओततो आणि सुरू केल्यावर ऑइलचा पूर येतो. पातळी बघायची ती इंजिन फिरवून झाल्यावरच. यावर उपाय म्हणून ऑइलच्या पाइपात व्हॉल्व्ह बसवतात. मी बसवलेला नाही. तो अडकला तर इंजिन कोरडं फिरेल, त्यापेक्षा मी खालचं बूच काढून ऑइल परत वर ओततो.

वायरिंगमध्ये अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह नव्हे तर पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं, हे गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावं. मोबाइल चार्जर लावणाऱ्या प्रत्येकाने आधी हे वाचावं. पुढचा डिस्क ब्रेक लाकडी वाटतो. ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलेंडरला आतून बारीक बोअरची स्लीव्ह घातली की दोन बोटांत काम होतं. सुट्या भागांची चिंता नाही, जवळपास प्रत्येक नट आजही नवा मिळतो. मात्र स्वस्तातल्या नकली मालापासून सावध. एका विक्रेत्याकडून घेतलेली क्लच केबल महिनाभरही टिकली नाही.

गाडी वापरताना एक गोष्ट सारखी जाणवते. रबराची ही युक्ती अफाट आहे, पण ती जुनं इंजिन वाचवण्यासाठी केलेली युक्ती आहे. १९५९ला मिनी मोटार आली आणि साइडकारवाली कुटुंबं मोटारसायकल सोडून गेली. त्याच वर्षी होंडा पहिल्यांदा आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरली. दहा वर्षांत सीबी ७५० बाजारात होती: चार सिलेंडर, ओव्हरहेड कॅम, बटन स्टार्ट, पुढे डिस्क ब्रेक. कमांडोला बटन मिळालं १९७५ला. मेरिडनच्या ट्रायम्फ कारखान्यात तेव्हा कामगार स्वतःच सहकारी तत्त्वावर गाड्या बनवत होते, बर्मिंगहॅमची बीएसए संपलेली होती. या देशात हुशार माणसांची कमी कधीच नव्हती. त्यांच्या हाती नवीन यंत्रसामग्री द्यायची दानत मालकांत नव्हती, असं माझं मत झालंय. आज नॉर्टन हे नाव टीव्हीएसकडे आहे, बीएसए महिंद्रांच्या छायेत, आणि ट्रायम्फच्या ४००सीसी गाड्या बजाज आपल्या चाकणला बनवते.

घ्यायचा विचार असेल तर १९७२ची ‘कॉम्बॅट’ इंजिनाची गाडी बघताना क्रँकचे बेअरिंग बदललेत का ते आधी विचारा. त्या वर्षी ताकद वाढवली आणि बेअरिंग उडाले, मग ‘सुपरब्लेंड’ बेअरिंग आले. पुरावा म्हणून बिलं मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका. सुरुवातीच्या बऱ्याच कमांडोंच्या टाक्या फायबरग्लासच्या आहेत आणि पेट्रोलमधलं इथेनॉल ते खातं, तेव्हा टाकीत आतून टॉर्च मारून बघा. आणि जी गाडी मालकाने तुम्ही येण्याआधीच गरम करून ठेवली आहे, ती थंड होईपर्यंत चहा मागून बसा.